तिसऱ्या बीमची पट्टी

ऐंशीच्या सुमारास मी खालापूर तालुक्यात रस्त्यांचा ओव्हरसियर होतो. साजगावच्या अलीकडे ओढ्यावर काँक्रीटचा जुना पूल होता. त्याचे तिन्ही बीम तडकले होते आणि आतल्या गंजलेल्या सळया दिसत होत्या. नवा पूल मंजूर होईपर्यंत काहीतरी करा, असा वरून हुकूम आला. जवळच्या कारखान्यात आम्लाच्या टाक्यांना आतून काचेचं कापड चिकटवणारा एक मिस्त्री होता. त्याला बोलावलं. गंज खरवडायचा, भेगा बुजवायच्या, रेझिनचा चिकट लेप फासायचा आणि बीमच्या पोटाला कापडाच्या थरांची पट्टी चिकटवायची, असं काम.

"किती वर्षं टिकेल?" मी विचारलं.

"टाकीत टिकतं," तो म्हणाला. "पण टाकीवरून ट्रक जात नाहीत."

काँक्रीट कोरडं हवं, एवढीच त्याची अट होती. दोन बीम झाले. तिसऱ्यावर वरचा निचऱ्याचा पाइप गळत होता. मिस्त्री म्हणाला, दोन दिवस थांबू. साहेब तर दुसऱ्याच दिवशी पाहणीला येणार होते. मी बीमवरून रुमाल फिरवला, रुमाल बघितला आणि "कोरडं आहे," म्हणालो. रुमाल ओला होता. तो मी घडी करून खिशात घातला.

पुढे दर पावसाळ्यानंतर हातोडीने ठोकून पट्ट्या तपासायचं काम माझ्याकडेच आलं. दुसऱ्या वर्षी मी ठोकत असताना पुलाखाली धुणं धुणारी एक बाई म्हणाली, "सायेब, वरनं गाडी गेली की त्यो तिसरा पोकळ वाजतोय."

"आत्ताच ठोकला, मावशी. ठीक आहे."

"तुमी कडंला ठोकलात. मधी ठोका की. गाडगं घेताना आमी काय कडंला वाजवून बघतो व्हय?"

मी कडेलाच ठोकत होतो, हे खरं होतं. मागच्या वर्षीही कडेलाच ठोकलं होतं. मधे ठोकलं तर ढब असा आवाज आला. बाईने मान हलवली आणि पुन्हा धुणं आपटू लागली.

मी अहवालात लिहिलं : तिसऱ्या बीमची पट्टी सुटली आहे. लावताना काँक्रीट ओलं होतं. ते कोरडं असल्याचं मी सांगितलं होतं.

साहेबांनी वाचलं. "शेवटचं वाक्य हवंच का?"

"हवं, साहेब."

"मग अक्षर तरी बरं काढा."

मिस्त्री पुन्हा आला. पटाशी लावताच पट्टी अख्खी निघाली. मागे पाणी आणि ताजा गंज. या वेळी आधी पाइप वळवला आणि चार दिवस थांबलो. बीम कोरडा आहे का, हे मिस्त्रीने मला विचारलं नाही. स्वतःच तळहात लावून बघितला.

काही वर्षांनी नवा पूल झाला. तोवर माझी बदली कर्जतला झाली होती, तरी जुना पूल तोडताना रजा टाकून गेलो. पट्ट्या काही केल्या सुटेनात. मजूर त्या लावणाऱ्याच्या नावाने शिव्या घालत होते. मी ओढ्याकाठी बसून बराच वेळ ऐकत राहिलो. बरं वाटलं.