हंड्यावरचं नाव

सकाळच्या एसटीनं कापड्याहून महाडला निघालो ते एका हंड्यापायी. घरात नळ आलाय, पण उन्हाळ्यात तो नुसता फुसफुसतो आणि बायका पुन्हा विहिरीवर. आमच्या भांड्यांवर नाव आज्याचं, बापाचं नायतर माझं. निघताना बायको म्हणाली, "अवो, ह्या हंड्यावर माजं नाव घाला. नायतर आणूच नका." आता आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाय. पन्नास वर्षांत मी घेतलेलं नाय.

पोलादपूर सोडलं तसा रस्ता रुंद झाला. खिडकीची काच अडकलेली, सगळी धूळ माझ्या तोंडावर. खाली सावित्री नदी मात्र उन्हात चकाकत होती. महाडात उतरून आधी मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत होती, आणखी मागून घेतली.

हंडा घेतला. दुकानाच्या पायरीवर कासमचाचा नावं कोरायला बसतात, माझ्याच वयाचे. मी तरुणपणी गोदीत कामाला असताना शिकलेल्या हिंदीत ऐटीनं म्हणालो, "लिखो, मेरी औरत."

"मराठीत बोला की, मी महाडचाच. नाव काय वहिनींचं?"

"घेत नाय. औरतच लिवा."

चाचांनी छिन्नी खाली ठेवली. "शब्द अरबी हाय. मुळात अर्थ, उघडं पडू नये, झाकून ठेवावं असं कायतरी. अरब लोक बाईला हा शब्द लावत नाय. इराणच्या वाटेनं इकडं आला आन् बाईलाच चिकटला."

"मग बरोबर हाय! झाकलेलंच बरं."

"हंडा डोक्यावर घेऊन वहिनी गावभर चालणार. झाकताय कुठं?"

दुकानदार फिदीफिदी हसला. मी हंडा तिथंच टाकून चवदार तळ्यावर जाऊन बसलो. मी हरलो नव्हतो. पण निनावी हंडा ती उंबऱ्याच्या आत घेणार नव्हती, हे मला ठाऊक होतं.

परत जाऊन कागद मागितला. तिसरीपर्यंतच गेलोय, पण अक्षर ठसठशीत आहे. लिहिलं. चाचा वाचायला गेले तसा ओरडलो, "मोठ्यानं नको!" ते हसत हसत कोरत राहिले.

तिन्हीसांजेला घरी पोचलो. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाय. "काय कोरलंय?"

तो अरबी शब्द एवढ्या लांबून आमच्या दारापर्यंत आला होता. मी त्याला महाडातच ठेवून आलो होतो. आता माझ्याकडं दुसरा शब्दच नव्हता.

"सुभद्रा," मी म्हणालो.

"ओ," ती म्हणाली, कुणी हाक मारल्यासारखी.