विलासला ॲनिमे आवडायचा, आणि मी ते सांगितलं नाही

परवा माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत मी माईक हातात घेऊन खोटं बोललो.

विलास. आमच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावजवळच्या शाळेत गणित शिकवायचा. शाळेतून घरी आला, छातीत दुखून राहिलंय म्हणाला, आणि नांदेडला नेताना वाटेतच गेला.

बुद्धविहारात खूप माणसं होती. त्याची शिस्त, गणित, समाजकार्य, सगळ्यावर बोलून झालं. मग माझं नाव पुकारलं.

मी म्हणालो, "विलास सरांना वाचनाची फार आवड होती. वैचारिक ग्रंथ कायम त्यांच्या उशाशी असायचे."

लोकांनी माना डोलावल्या.

पहिल्या रांगेत बसलेल्या प्राचीनं, त्याच्या लेकीनं, मान वर करून माझ्याकडं बघितलं.

खरं काय होतं ते आता सांगतो.

विलासला ॲनिमे आवडायचा. जपानी कार्टून. त्यातही एकच. पाण्याखालचं शहर, यंत्रांशी लढाई, आणि एक पायलट पोरगी.

आमची ओळखच त्यावरून झाली. गोरेगावहून सेनगावला येणाऱ्या जीपमध्ये हा माणूस शेजारी बसून, कानात इअरफोन घालून, मोबाइलकडं बघत डोळे पुसत होता. मला वाटलं, घरी काहीतरी वाईट घडलं.

मी विचारलं, "काय झालं सर? काही तकलीफ?"

म्हणाला, "न्हाई हो. शेवटचा एपिसोड आहे."

मग त्यानं मलाही नाद लावला. एकाच गोष्टीच्या चार तऱ्हा आहेत. जुनी टीव्ही सिरीज, तिच्यावरून काढलेला ॲनिमेशन पिक्चर, खऱ्या नट-नट्यांचा हिंदी डब केलेला पिक्चर, आणि अलीकडं नव्यानं काढलेली सिरीज.

आम्ही चारही बघितल्या. कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर बसून त्यावर भांडलो. कितीदा भांडलो ते आठवत नाही.

भांडण कायम शेवटावरून.

शहर बुडत असतं. बाकीच्यांना निघता यावं म्हणून पायलट पोरीचा म्हातारा गुरू आत थांबून दार धरून ठेवणार असतो. तो दाराकडं चालत जातो. पोरगी मागून हाका मारते.

ॲनिमेशन पिक्चरमध्ये तो वळून भाषण करतो. ते आम्हा दोघांनाही आवडायचं नाही.

नट-नट्यांच्या पिक्चरमध्ये तो चक्क वाचतो. विलास त्याला "हळदीचं रिसेप्शन" म्हणायचा. का, ते मला कधी कळलं नाही, पण दरवेळी हसायचो.

जुन्या सिरीजमध्ये तो वळतच नाही. नुसती पाठ दिसते. हलत नाही, बोलत नाही, बराच वेळ फक्त पाठ.

नव्या सिरीजमध्येही तो वळत नाही. पण कॅमेरा पुढून जातो आणि त्याचा चेहरा दाखवतो. डोळे भरलेले. पोरीला ते दिसत नाही, आपल्याला दिसतं.

मला नवी आवडायची. विलासला जुनी.

"अरे लेका, पोरीला दिसत न्हाई ते आपल्याला काहून दिसावं?" तो टेबलावर हात आपटून म्हणायचा. "आपण काय तिच्यापेक्षा मोठे लागून गेलो?"

मी म्हणायचो, "चेहरा बघितल्याशिवाय माणसाच्या मनातलं कळणार कसं?"

"न कळलं तर न कळलं. तेच खरं आहे."

हे सगळं मला माईकवर सांगता आलं असतं. पण समोर आमच्या कॉलेजचे प्राचार्य होते. गावातली मोठी माणसं होती. पन्नाशीतला गणिताचा मास्तर कार्टून बघून रडायचा, आणि मी, मराठीचा प्राध्यापक, त्याच्याशी त्यावर भांडायचो. लोक काय म्हणतील?

जेवणाच्या पंगतीत प्राचीनं मला गाठलं.

"काका, पप्पा वैचारिक ग्रंथ वाचायचे?"

मी पानातला भात कालवत राहिलो.

"तुमाला पप्पाची लाज वाटली ना?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

काल दुपारी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायला. वहिनींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, ते नेमकं काय बघायचे हो? मी कधी बघितलंच न्हाई. दाखवा की."

प्राचीनं टीव्हीवर जुन्या सिरीजचा शेवट लावला. काय चाललंय ते आईला सांगत राहिली.

ती पाठ आली. पोरगी हाका मारत होती.

वहिनी एकदम म्हणाल्या, "माझं बी असंच झालं."

प्राचीनं एपिसोड थांबवला.

"यांना गाडीत चढवून राहिले होते. मी हाका मारल्या. यांनी मान वळवली न्हाई. तवापासून डोक्यात तेच येऊन राहिलंय. माझं काही चुकलं का? रागात गेले का?"

प्राचीला हे माहीत नव्हतं. मलाही नाही.

मी म्हणालो, "वहिनी, नवी सिरीज बघा."

लावली. तीच चाल, त्याच हाका. मग तो चेहरा आला.

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"पुन्हा लाव," म्हणाल्या.

प्राचीनं पुन्हा लावलं. मग पुन्हा.

शेवटी त्या म्हणाल्या, "हे बराबर आहे. त्याला ऐकू येऊन राहिलंय. वळला असता तर जाता आलं नसतं त्याला."

इतक्या वर्षांचा वाद मी जिंकलो होतो. आणि मला तिथं बसवेना. टेबलावर हात आपटायला समोर कोणी नव्हतं.

प्राची हळूच म्हणाली, "पप्पा मानले नसते."

वहिनी रडता रडता हसल्या. "ते कधी काय मानले?"

प्राचीनं मला माफ केलेलं नाही. निघताना दारापर्यंत आली, पण "या काका" म्हणाली नाही. तिचं बरोबर आहे.

ज्यांनी परवा माझं भाषण चांगलं झालं म्हणून फोन केले, त्या सगळ्यांसाठी ही पोस्ट आहे. उद्या प्राचार्यांनाही तोंडानं सांगणार आहे.

माझा मित्र फार मोठ्या मनाचा माणूस होता. तो होता तसा सांगायला मी लाजलो.

विलास, तुला माझा शेवटचा जयभीम.