सोयऱ्यांकडून आलेली बातमी

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं, की माझ्यापुढे पहिल्यांदा उभी राहते ती पैनगंगेच्या काठची एक सकाळ आणि कपाळाला ओढणी दाबून शाळेच्या ओट्यावर बसलेली एक तरुण शिक्षिका. त्या केसमध्ये मी चोर शोधत नव्हतो. मी एक बातमी कुठून निघाली ते शोधत होतो.

तेलुगू मुलखात नवं राज्य होऊन फार काळ लोटला नव्हता. त्यातच आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले आणि तालुक्याहून लहान अशी नवी मंडलं निघाली. ज्या गावांची कामं वर्षानुवर्षं एका कचेरीत होत होती, त्यांना आता दुसरीकडे जावं लागे. तिथे पाटी लागलेली असे, पण माणसं पुरी आलेली नसत. भीमपूरकडच्या पट्ट्यातलं, नदीला लागून असलेलं एक गाव माझ्या हद्दीत होतं. गावाचं आणि कुणाचंच नाव मी इथे लिहीत नाही. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी, असं ते गाव. नदीपलीकडे महाराष्ट्र. लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या.

त्या सकाळी घरोघर माहिती लिहून घेणारं सरकारी पथक गावात गेलं, आणि थोड्याच वेळात ठाण्यात फोन आला. मी पोचलो तेव्हा जीपची काच दगडाने फुटली होती, कागद नालीत पडले होते. पथकातली ती शिक्षिका तेलुगू भाषिक होती, गावाला नवखी. ती रडत नव्हती. तिने मला तेलुगूतून एवढंच विचारलं, "सर, मी यांचं काय वाईट केलं?"

गावाच्या मनात काय होतं ते तासाभरात समजलं. नदीपलीकडे ज्यांची सोयरीक आहे, त्यांची नावं हे लोक लिहून नेणार. मग रेशन, पेन्शन, मतदार यादी सगळीकडून ती कमी करणार आणि माणसं तिकडच्या राज्यात लावून देणार. त्या गावात नदीपलीकडे सोयरीक नाही असं एकही घर नव्हतं.

पंचनामा केला. सरकारी कामात अडथळा आणि सरकारी नोकराला दुखापत, असा गुन्हा नोंदवला. शिक्षिकेला आदिलाबादच्या दवाखान्यात पाठवलं, तिथे तिच्या कपाळाला टाके पडले. डीएसपी साहेबांचा फोन आला की यामागे कुणीतरी सूत्रधार असणार, संध्याकाळपर्यंत अटक दिसली पाहिजे. तेवढ्यात ठाण्याच्या फोनवर खबरही आली. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. म्हणाला, "झेरॉक्सवाल्या जावयाला पकडा. त्यानंच मोबाईलवर पसरवलं."

हा जावई म्हणजे गावातला घरजावई. नदीपलीकडचा, बारावी शिकलेला, सासऱ्याच्या ओसरीत झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्जचं दुकान टाकून बसलेला. गावाला काही वाचून घ्यायचं असलं की याच्याकडे जात, आणि मागे यालाच हसत. सासऱ्याच्या भाकरीवर मोठा झाला, असं त्याच्या तोंडावर म्हणणारेही होते. अशा माणसाचं नाव खबरेत लवकर येतं. गावात त्याचा ना भाऊ, ना भावकी. त्याला अटक करून कोर्टात नेलं असतं, तर पुढे सुटूनही त्याला त्या ओसरीत दुकान उघडता आलं नसतं. त्याला ठाण्यात आणून बसवलं होतं, आणि त्याची बायको डबा घेऊन फाटकाशी उभी होती. आत बोलावलं तरी येत नव्हती.

आमचा हेड कॉन्स्टेबल म्हणाला की याला थोडा धाक दाखवला की बोलेल. मी नको म्हटलं. धाकाने माणूस बोलतो हे खरं, पण आपल्याला हवं ते बोलतो. चहा मागवला, त्याच्या राजीखुशीने मोबाईल पाहिला. त्यात त्याने पुढे पाठवलेला असा एकही निरोप नव्हता. उलट ही बातमी त्याला दुसऱ्यांकडूनच आली होती.

"लोक तुला विचारायला आले होते?"

"आले होते ना साहेब. खरं हाय का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

त्याने कप खाली ठेवला. "असंल म्हटलं."

"माहीत होतं?"

"नव्हतं. पण माहीत नाही म्हटलं असतं, तर हसले असते. शिकलेला जावई, अन् येवढं बी माहीत नाही. तुमी घरजावई नाही झाले साहेब, तुमाले नाही समजणार."

गुन्हा म्हणावा असं यात काही नव्हतं. पण मला धागा मिळाला. दगड कुणी मारला असं विचारलं की सगळं गाव शेतात गेलेलं असायचं. ही बातमी तुला कुणी सांगितली असं विचारलं, की मात्र लोक सरळ उत्तर देत. कारण ती सोयऱ्याने सांगितलेली असे, आणि सोयऱ्याचं नाव सांगण्यात कमीपणा नव्हता. त्या भागात व्याह्याच्या शब्दावर शंका घेणं हा अपमान समजतात. मुलीला नांदवणारं घर खोटं बोलेल कसं? म्हणून ती बातमी कुणी तपासलीच नव्हती.

माग काढत मी गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याकडे पोचलो. त्याला त्याच्या व्याह्याने सांगितलं होतं. व्याही पलीकडच्या राज्यात. तिथल्या ठाण्याला कळवून मी साध्या कपड्यांत नदी ओलांडली. व्याह्याने आधी पाट दिला, पाणी दिलं, आणि मग सांगितलं की बाजारात त्याच्या बहिणीने सांगितलं होतं. बहीण म्हणाली, मला माझ्या सुनेकडून समजलं. सून चुलीपाशी होती. पोलीस म्हटल्यावर पदर सावरत बाहेर आली. तिचं माहेर तेच, जिथे दगड पडला होता.

"तुला कुणी सांगितलं, ताई?"

"कोणीच नाही, साहेब. मायनं इचारलं होतं फोनवर. सांगितलं नव्हतं. इचारलं होतं."

मी त्याच पावली परत फिरलो. तिची आई, मी तिला काकू म्हणेन, अंगणात सोयाबीन पाखडत होती. मी ओट्यावर बसलो आणि मुलीशी काय बोलणं झालं ते विचारलं. काकूने सगळं सांगितलं. रेशन कार्डाचं काय होणार हे विचारायला ती नव्या मंडल कचेरीत गेली होती. खिडकीतला माणूस तेलुगूत काहीतरी बोलला. तिला एवढंच कळलं की उद्या ये. ती दुसऱ्यांदा गेली, तेव्हा खिडकी बंद होती. मग तिने लेकीला फोनवर विचारलं, आमची नावं तिकडं लावून देतात का गं? लेकीला ठाऊक नव्हतं, तिने सासूला विचारलं. सासूने भावाला सांगितलं, भावाने इकडच्या आपल्या व्याह्याला, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला. गावात पुन्हा शिरताना तो प्रश्न राहिला नव्हता. नदीपलीकडून आलेली खात्रीची बातमी झाली होती. काकूनेही ती ऐकली आणि खरी मानली.

"माहाच प्रश्न होता तो?" काकूने सूप खाली ठेवलं. "मले वाटलं, पक्की खबर आली. सोयरे काऊन खोटं सांगतीन?"

तिचा मोठा मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. जावयाला ठाण्यात बसवलं आहे, संध्याकाळी अटक दाखवायची आहे, असं मी काकूला सांगितलं. काकू मुलाकडे वळून पाहत राहिली. मग तो पायरी उतरून आला आणि म्हणाला, "दगड माह्या हातून गेला, साहेब. जावईबापूचा काही संबंध नाही. त्याईले जाऊ द्या."

मी त्याचा जबाब घेतला, अटक केली. त्याच संध्याकाळी डीएसपी साहेबांना लेखी अहवाल पाठवला की सूत्रधार नाही. त्यांनी फोन करून विचारलं, सूत्रधार नाही म्हणजे काय? मी सगळी साखळी सांगितली. मग ते म्हणाले, जावयाला सोडा. जावई डबा न उघडता बायकोबरोबर घरी गेला. काकूच्या मुलाला पुढे कोर्टाने दोषी धरलं, पण शिक्षिकेनेच त्याला तुरुंगात पाठवू नका अशी विनंती केली, आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तो सुटला. खबर देणाऱ्याचा आवाज मी पुढे ओळखला. त्यालाही ते खरंच वाटलं होतं, म्हणून त्याचं नाव इथे येणार नाही.

माझे वडील आदिलाबादच्या बाजारात भाजी विकत. कचेरीत काम असलं की ते खिडकीपाशी उभे राहत आणि न विचारताच परत येत, कारण आतली भाषा त्यांना येत नव्हती. माझ्या शिक्षकांनी फॉर्म भरून मला कॉलेजात घातलं, म्हणून आमच्या घरात पहिली पदवी आली आणि मला खिडकीच्या आत बसता आलं. काकूची हकिकत ऐकताना मला वडील दिसत होते. लोकशाहीत मत द्यायचा अधिकार सगळ्यांना आहे. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर माणूस मिळेल तिथून उत्तर घेतो. जवळच्या माणसाने दिलं तर ते तपासतही नाही. खोटं पसरवणारे लोक असतात, मी पाहिले आहेत. या केसमध्ये तसा एकही नव्हता. सगळे भले होते. फक्त "मला माहीत नाही" हे वाक्य त्यांतल्या कुणालाच म्हणता आलं नव्हतं.

पुढे पथक पुन्हा गावात आलं. शिक्षिका स्वतःहून आली होती, कपाळावर टाक्यांची खूण होती. मीही बंदोबस्ताला होतो, पण गरज पडली नाही. काकूने तिला आपल्या ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि सगळं लिहून होईपर्यंत समोर बसून राहिली. मग काकूने शिक्षिकेला तो जुनाच प्रश्न विचारला. "बाई, हे लिहून झालं की आमी इकडंच ना?"

शिक्षिकेने मोडक्या मराठीत सांगितलं, "इकडेच, अम्मा. कुठे नाही जायचं."

परत निघताना मी झेरॉक्सच्या दुकानापाशी जीप थांबवली. एक म्हातारा मोबाईल पुढे करून जावयाला विचारत होता, यात पेन्शनीचं लिहिलं ते खरं का. जावयाने मोबाईल हातात घेतला, वाचला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मले माहीत नाही, बाबा. उद्या मंडलात जाऊन इचारून सांगतो."

कुणी हसलं नाही.