बेसूर बाईंचं चॅपल

निवृत्त झाल्यावर आम्ही अमेरिकेत, रेडमंडपासून तासाभराच्या अंतरावर एक जुनी इस्टेट घेतली. मोठं घर, सफरचंदाची बाग आणि झाडांत दडलेलं छोटंसं खासगी चॅपल, म्हणजे घरचं प्रार्थनाघर. चार बाकं आणि एक रंगीत काच, एवढंच. जन्मभर सॉफ्टवेअरमध्ये घालवल्यावर मला अचानक आपण इतिहासकार आहोत असं वाटू लागलं.

येईल त्या पाहुण्याला मी टूर द्यायचो. वादळातून वाचलेल्या एका खलाशाने नवस फेडायला हे चॅपल बांधलं, असा माझा शोध. पुरावा काय, तर छताच्या तुळया जहाजासारख्या वाकलेल्या.

"अहो, ओल धरून वाकल्यात त्या," बायको म्हणायची. पण संशोधकाला घरात मान नसतोच.

एका रविवारी एक म्हातारी गोरी बाई फाटकाशी आली. "चॅपल बघता येईल का?" एवढंच तिने विचारलं. ती कोण, कुठली, हे न विचारता मी तिला चॅपलमध्ये नेलं आणि सुरू झालो; बायकोही मागोमाग आली. वादळाचं वर्णन तर त्या दिवशी फारच रंगलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "हे माझ्या वडिलांनी बांधलं. त्यांना तळ्यातल्या होडीतसुद्धा उलट्या व्हायच्या."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी काचेकडे पाहिलं.

"मग बांधलं कशासाठी?" बायकोने विचारलं.

"आईसाठी. तिला गाण्याचं वेड, पण सूर एकही जागेवर नसायचा. गावातल्या चर्चने तिला कॉयरमधून काढलं. ती घरी येऊन खूप रडली. वडिलांनी उन्हाळाभर खपून हे उभं केलं. मग दर रविवारी ती इथे मोकळेपणी गायची आणि ते पहिल्या बाकावर बसून ऐकायचे."

"आणि तुम्ही मुलं?"

"आम्ही मागच्या बाकावर. कानांत बोटं घालून."

बाई हसल्या, पण डोळे भरून आले होते. समोर उभं राहून त्यांनी आईचं एक भजन म्हटलं. आवाज आईवरच गेला असावा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही."

आढेवेढे घ्यायचे असतात हेही न सुचून मी खड्या आवाजात अख्खी आरती म्हटली.

"आईला तुम्ही फार आवडला असतात," बाई म्हणाल्या.

मी हात जोडून थँक्यू म्हणालो. बायको भिंतीकडे तोंड करून का हसतेय, ते मला संध्याकाळी कळलं.

आता टूर तीच देते. दार जड आहे, म्हणून उघडायला मला नेते.