झेपरावाची डावी भुवई

पत्र्याच्या खेळण्यांच्या कारखान्यात भुवईताईंनी अकरा वर्षं एकच काम केलं, झेपरावाच्या भुवया काढायचं. झेपराव म्हणजे त्या काळी दर आठवड्याला निघणाऱ्या चित्रकथेतला नायक. लाल डगला, निळी तुमान आणि एका उडीत तीन गच्च्या पार! पोरांना त्याचं वेड लागलं, तेव्हा कारखान्याने त्याचं वीतभर उंचीचं, चावी दिली की टुणकन उडी मारणारं खेळणं काढलं. अंगावरचे रंग पत्र्यावर छापूनच यायचे, चेहरा मात्र बायका हाताने रंगवत. दिवसाला चारशे झेपराव, म्हणजे आठशे भुवया. बाईंचं खरं नाव हजेरीपुस्तकात राहिलं आणि त्या सगळ्यांच्या भुवईताई झाल्या.

पुढे कारखाना बंद पडला. मुलगा मोठा झाला, नवरा गेला, नात कॉलेजात जायला लागली. एका दुपारी ती मोबाइल नाचवतच घरात शिरली.

"आजी, हा तुझाच ना? लिलावात आलाय! एक नाही, दोन!"

"खाली काय लिहिलंय ते वाच आधी."

नातीने वाचलं, "डगला उत्तम, चावी चालू. डावी भुवई उजवीपेक्षा वर, हा निर्मितीतला दोष."

"काय म्हणालीस? दोष?" भुवईताई ताडकन उठल्या. "अगं, दोन्ही भुवया सारख्या काढल्या की तो जेवून पेंगल्यासारखा दिसायचा. मी डावी जरा वर नेली, तेव्हा कुठे त्याच्या तोंडावर तेज आलं. मुकादम आधी माझ्यावर खेकसला. मग चित्रकथेचा चित्रकार स्वतः आला, खेळणं हातात घेऊन म्हणाला, 'आता मीही अशीच काढणार.' आणि हे म्हणे दोष! घाल चप्पल."

त्या दिवशी लिलावाच्या वस्तू लोकांना बघायला मांडल्या होत्या. काचेच्या कपाटांत जुनी मुखपृष्ठं, बिल्ले, मुखवटे, प्रत्येकाशेजारी क्रमांकाची चिठ्ठी. पांढरे हातमोजे घातलेला पारखी तिथे फिरत होता. भुवईताईंनी त्याला गाठलंच.

"भुवईत दोष आहे असं तुम्ही लिहिलंत?"

"आजी, त्या काळच्या मालात अशा चुका व्हायच्या," तो समजुतीने म्हणाला.

"चूक एकदा होते हो. अकरा वर्षं रोज चारशे वेळा कोण चुकतं?"

पारख्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची ओढून दिली, हातमोजे दिले आणि दोन्ही झेपराव काढून त्यांच्यापुढे ठेवले. पहिल्याच्या नाकाचा टवका उडाला होता. भुवईताईंनी त्याच्या गालावरून बोट फिरवलं. दुसरा मात्र नवा कोरा, लखलखीत. कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर छापलेला तोच. तो त्यांनी डोळ्यांजवळ नेला आणि तोंड वाकडं केलं.

"हा आमचा नाही."

पारख्याचा चेहरा उतरला. "कशावरून?"

"आम्ही खेळणं पायाला धरून, उलटं करून रंगवायचो. फटकारा कानाकडून नाकाकडे. त्यामुळे कानाशी जाड, नाकाशी बारीक. ह्याचं बघा, नाकाशी जाड आहे. कुणीतरी फोटो समोर ठेवून सुलटी काढलीय."

पारख्याने भिंग लावलं. मग दुसऱ्या जाणकाराला बोलावलं, दोघांनी खेळणं आत नेलं. तासाभराने तो बाहेर आला. भुवईचा रंग तर अलीकडचा होताच, सोबतच्या पुठ्ठ्याच्या डब्याचा डिंकही नवा निघाला. नक्कल लिलावातून बाद झाली.

लिलावाच्या दिवशी आजी-नात मागच्या रांगेत बसल्या होत्या. खऱ्या झेपरावाची पाळी आली. बोली पुकारणाऱ्याने बदललेला मजकूर खणखणीत आवाजात वाचला, "डावी भुवई मुद्दाम वर काढलेली. ती काढणाऱ्या बाई आज या सभागृहात आहेत."

सगळ्या माना वळल्या. नातीने कोपर मारलं, "आजी, ऊठ ना!" भुवईताई उठल्या. गुडघे कुरकुरले, पण पाठ ताठ होती. टाळ्या थांबेनात. खेळणं किती मोठ्या रकमेला गेलं, ते ऐकून नातीने तोंडावर हात ठेवला. भुवईताईंच्या मनात मात्र तो एकच शब्द घुमत होता: मुद्दाम.

लिलाव संपल्यावर पारखी वही घेऊन आला. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा. आमच्या नोंदीत कायमचं राहील."

"माझ्या एकटीचं नको. डोळे एक काढायची, ओठ दुसरी. सात जणी होतो. लिहा."

त्यांनी सातही नावं आडनावासकट सांगितली. ज्या गेल्या, त्यांचीही. मग ओठ काढणाऱ्या मैत्रिणीला तिथूनच फोन लावला.

"अगं, आपली नावं छापून येणार!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज, आणि मग प्रश्न, "पहिलं कुणाचं?"

"माझं."

"वा गं वा! तो हसायचा कशाने, भुवईने?"

भुवईताई खो खो हसल्या आणि दाराकडे निघालेल्या पारख्याला त्यांनी हाक मारली, "अहो, थांबा जरा! एक नाव वर घ्यायचंय."