मुद्दाम हळू केलेलं मशीन

रंगाच्या त्या कारखान्यात तिच्या हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते कुणाच्या जिभेवर कधी बसलं नाही. पहारेकऱ्यापासून मालकांपर्यंत सगळे तिला कॉम्प्युटरताई म्हणत. कुठलंही मशीन रेंगाळलेलं तिला बघवत नसे. पडद्यावर ते गोल फिरणारं चक्र दिसलं की ती बोटांनी टेबल बडवायला लागायची. घरीही तीच तऱ्हा. नवरा बुटाची नाडी बांधायला वाकला की ही कुलूप हातात घेऊन दारात उभी. सासूबाई म्हणायच्या, हिला उकळी यायच्या आधीच दूध उतू गेलेलं हवं असतं.

कारखान्यात खोल्याखोल्यांतून जुनी मशीनं पडलेली होती. त्यांचा खोकला, उचकी, तापणं हे सगळं ताईच बघायची. शेवटी मालकांनी एक मोठा सर्व्हर आणला आणि तिला सांगितलं की ही सगळी म्हातारी मंडळी याच्या पोटात घाला. म्हणजे प्रत्येक जुन्या मशीनमधलं सगळं जसंच्या तसं उचलून सर्व्हरवर न्यायचं. तिथे ते आपलं वेगळं बिऱ्हाड करून राहणार. कॉम्प्युटर तोच, फक्त त्याला खोकं नाही. या धंद्यात सर्व्हरला यजमान म्हणतात आणि आत राहणाऱ्यांना पाहुणे. काम बरंच झाल्यावर मालक बघायला आले. त्यांनी सर्व्हरच्या पुढे बघितलं, मागे वाकून बघितलं आणि बाकीची मशीनं कुठे गेली असं विचारलं. आतच आहेत म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, पण जाताना दाराशी थांबून पुन्हा एकदा मागे बघितलं.

सगळे पाहुणे मुकाट्याने आत गेले, एक सोडून. तो होता रंगमास्तरांचा.

रंगमास्तरांची हयात रंग जुळवण्यात गेली होती. गिऱ्हाइकाने कपड्याची चिंधी आणावी, तुटकी बशी आणावी, मास्तर हुबेहूब तोच रंग डब्यात उतरवून देणार. त्यांची पद्धत ठरलेली. नमुना बघून अंदाजाने कालवलेला रंग कार्डावर फासायचा, मशीनवर प्रोग्राम चालू करायचा आणि चहाला जायचं. प्रोग्राम आधी जुन्या सगळ्या छटा धुंडाळत बसायचा, त्याचं आवरेपर्यंत मास्तरांचा चहा व्हायचा. मग परत येऊन कार्ड मोजणीच्या काचेखाली धरलं की त्यात आणखी कुठला रंग किती घालायचा हे मशीन सांगायचं. "म्हातारं आहे, विचार करून बोलतं," असं मास्तर कौतुकाने म्हणत.

हा पाहुणा सर्व्हरवर डोळे उघडायचा, निळा पडायचा आणि मान टाकायचा. कारण ताईला ठाऊक होतं. सर्व्हरच्या डिस्क नव्या तऱ्हेच्या, आणि त्यांच्याशी बोलायचं कसं हे त्या म्हाताऱ्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. ते शिकवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. इतक्या जुन्या सिस्टिमसाठी तयार ड्रायव्हर मिळेना. ताईने एक जवळपासचा शोधला, त्याचा कोड उसवला, काटछाट केली आणि म्हाताऱ्याच्या मापाचा बेतला. मग तिने पाहुण्याला आधी जुन्या पद्धतीची डिस्क दिली, म्हणजे तो निदान उठून बसेल. शेजारी नव्या तऱ्हेची एक छोटी रिकामी डिस्क जोडली. त्याने ती ओळखली, ड्रायव्हर घेतला, आणि नंतर त्याचा सगळा संसार नव्या डिस्कवर हलवला तेव्हा तो हूं की चूं न करता उभा राहिला.

त्या आनंदात तिने जेवताना सगळं घरी सांगितलं. सासूबाईंनी त्यातलं आपल्याला पेलेल तेवढं उचललं आणि खालच्या मजल्यावर नेऊन पोचवलं. दुसऱ्या दिवशी खालचे काका वर आले. त्यांना रविवारी गावाबाहेर लग्नाला जायचं होतं, सूनबाईंकडचा ड्रायव्हर मोकळा आहे का, असं त्यांनी अदबीने विचारलं. ताईने समजावून सांगितलं. काका म्हणाले की राहू दे, त्याला गाडी येत नसेल तर काय उपयोग.

पाहुणा उठला, पण चालायचा मुंगीच्या पावलाने. ताईने आधी उदार होऊन त्याला भरपूर प्रोसेसर दिले. तो आणखीच हळू झाला. जुना प्रोग्राम एकाच्याच हातून काम करून घेणार, आणि बाकीचे नुसते एकमेकांची वाट बघत बसणार. तिने ते कमी केले, मेमरी त्याच्या नावाने बांधून टाकली, नको ती जुनी कामं बंद केली. असं करता करता तो प्रोग्राम बटणावरून बोट उचलायच्या आत उघडायला लागला. ताईला अगदी धन्य वाटलं. मास्तरांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"याने काही वाचलं तरी का?" त्यांनी विचारलं.

आणि मग एका शाळेचा फोन आला. त्यांनी वर्गांसाठी सायीचा रंग मागितला होता. रंग लावून झाला आणि आता भिंतींना कावीळ झाल्यासारखं दिसतंय, असं मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं होतं. पाठोपाठ एका बेकरीची तक्रार आली.

मालकांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. मास्तर म्हणाले की डबे तेच, नमुने तेच, मी तोच. मधे बदललं ते एकच. सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. तिने अडगळीतून मास्तरांचं जुनं खोकं काढून आणलं, दोन्हीकडे तेच आकडे घालून दाखवले. उत्तर सारखं आलं. मास्तरांनी मान फिरवली, आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. काही सांगायचंच झालं तर गोदामवालीकडून निरोप यायचा. त्यातला एक निरोप असा होता की नवीन मशीनमुळे मोजणीची काच सारखी माखते. ताईला हे ऐकून हसावं की रडावं कळेना. मशीन दुसऱ्या खोलीत, ते काच कशी माखवेल?

वरवर ती ठाम होती, पण मनात पाल चुकचुकत होती. ड्रायव्हर तिच्या हातचा. त्यानेच कुठे आकड्यांत कालवाकालव केली असेल तर? तिने जुन्या आणि नव्या डिस्कवरच्या फायली एकूण एक ताडून बघितल्या. तसूभर फरक नव्हता. जेवण मात्र जाईना. पानातलं ती नुसती इकडून तिकडे सारत बसायची.

रविवारी नवऱ्याने न्हाणीघराच्या दाराची पोपडे उडालेली जागा रंगवायला काढली. डबा कारखान्यातलाच, गेल्या वर्षीचा. थोडं रंगवून त्याने तिला हाक मारली. ताईने बघितलं तर ठिगळ लावल्यासारखं दिसत होतं. चुकीचा डबा काढलास, तुला एक काम धड जमत नाही, असं बरंच काही ऐकवून ती आत गेली. जेवणं झाल्यावर डबा बदलायला म्हणून ती दाराशी आली, तर ठिगळ कुठे होतं ते सापडेना.

"काय केलंस याला?"

"काही नाही. सुकला," नवरा म्हणाला आणि आडवा झाला.

ओला रंग फिका दिसतो, सुकला की गडद होतो. रंगाच्या कारखान्यात ही गोष्ट झाडूवाल्यालाही माहीत होती. ताईला माखलेल्या काचेचा निरोप आठवला. सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिला एकदम भूक लागली होती.

सोमवारी ती काहीतरी तपासायचं निमित्त काढून मास्तरांच्या खोलीत कोपऱ्यात बसली. मास्तरांनी कार्डावर रंग फासला. बटण दाबलं. प्रोग्राम टचकन उघडला. त्यांनी कार्ड तस्सं उचलून काचेखाली धरलं, मग पुटपुटत फडक्याने काच पुसली. ओलं कार्ड मोजू नये हे त्यांना काय कुणी सांगायला हवं होतं? पण इतक्या वर्षांत ते लक्षात ठेवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. कार्ड, बटण, चहा, मोजणी अशी हाताला सवय. त्यातला चहा गळाला आणि हात सरळ पुढे गेला. ओलं कार्ड फिकं दिसायचं आणि मशीन वाढवून रंग सांगायचं.

दार उघडं होतं, बाहेर दोघंतिघं काम करत होते. ताईच्या ओठांवर आलेलं तिने गिळलं.

"मास्तर, दुसरं कार्ड करा, आणि चला, चहा घेऊ," ती म्हणाली.

मास्तरांना नवल वाटलं, पण चहाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कँटीनमध्ये दोघं अवघडून बसले. बोलणं झालं ते कपातल्या साखरेवर. परत आल्यावर मास्तरांनी कार्ड मोजलं. मग मघाचे आकडे बघितले, मग आताचे. कार्डावरून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. ते खुर्चीत बसले.

"मालकांना सांगणार?" त्यांनी शेवटी हळूच विचारलं.

"सांगते ना. पाहुण्याचं ट्यूनिंग राहिलं होतं म्हणून."

"नको. माझी चूक तुमच्या डोक्यावर कशाला?" मास्तर उठले आणि स्वतः मालकांच्या खोलीत गेले. शाळेच्या भिंती परत रंगवून द्यायचं ठरलं. त्या कामावर मास्तर जातीने उभे राहिले.

इथून पुढे मी आठवणीने थांबेन, असं ते ताईला म्हणाले. तिने विचार केला. मास्तर विसरले नसते, पण हाताचा काय भरवसा? तिने सर्व्हरवर त्या एकाच पाहुण्याच्या डिस्कला लगाम घातला, क्षणाला एवढंच वाचायचं, जास्त नाही. चहा पिऊन येण्याइतका वेळ लागेल असं मोजून मापून बसवलं. चक्र फिरायला लागलं तेव्हा तिने तोंड भिंतीकडे केलं. मास्तर मात्र पडद्यासमोर हात मागे बांधून उभे होते. आता बरं वाटतंय याला, असं म्हणून ते चहाला गेले.

ही बातमी दुपारपर्यंत कारखानाभर झाली. हिशेबनीस ताईच्या टेबलाशी येऊन घुटमळले. आपलंही मशीन जेवणानंतर थोडा वेळ हळू करता येईल का, अशी त्यांची विनंती होती.

"तुमच्या आकड्यांत सुकायचं काय असतं?" ताईने विचारलं.

हिशेबनीस वही काखेत मारून परत गेले. मग ते मशीन होतं तसंच ठेवून, काही कारण न सांगता, जेवणानंतर मास्तरांबरोबर कँटीनला जाऊ लागले. हिशेबात त्याने काही फरक पडल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.