चलामामा आणि मागचे दोन दिवे

चलामामा अंगाने धिप्पाड होते, पण त्यांचे पाय एका जागी कधी ठरले नाहीत. चहा ते उभ्याने प्यायचे, भाकरी हातावर घेऊन फेऱ्या मारत खायचे. आम्ही पिशवी भरायला लागण्याआधीच त्यांचे "चला, चला" सुरू व्हायचे. खरे नाव पगाराच्या कागदावर होते. गंगाखेडात ते कुणी वापरत नसे.

ते आमच्या डॉक्टरबाईंच्या गाडीचे ड्रायव्हर. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी मी बाईंच्या प्रसूतिगृहात नर्स म्हणून लागले, तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आमच्या घरी मेंढरे. मोटारीत बसायचा प्रसंग तोवर आला नव्हता. बाईंची गाडी काळी, जुनी, आधी दोन मालक झालेली. खेड्यात एखादी बाई अडली की निरोप यायचा आणि आम्ही तिघे निघायचो. बाई मागे डाव्या बाजूला, मी त्यांच्या शेजारी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन, मामा पुढे. ज्वारीच्या शेतांमधून, काळ्या मातीच्या चाकोरीतून ते गाडी अशी नेत की पिशवीतली बाटली बाटलीवर वाजत नसे. पायांना स्वस्थता नसलेल्या या माणसाचे हात मात्र स्टिअरिंगवर शांत असायचे. हे मला शेवटपर्यंत उलगडले नाही.

त्यांचा दुसरा स्वभाव म्हणजे एका वेळी तीन दुरुस्त्या करणे. मागचे दिवे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी बल्ब बदलले, होल्डर पॉलिशपेपरने घासले आणि फ्यूजही नवा घातला. दिवे लागले. यातल्या कशाने लागले, असे मी विचारले. "लागले न्हवं? मग खामखा चौकशी कशाला?" म्हणाले. चार दिवसांनी ते पुन्हा गेले. मी जुन्या केसपेपरच्या वहीत मागच्या पानावर रकाने आखले: तारीख, गाडीत कोण, काय झाले, मामांनी काय केले. ताप ज्या पद्धतीने लिहायचा असतो, त्याच पद्धतीने. मामांना ती वही अजिबात आवडत नसे. "शिष्टर, गाडी काय बाळातीण हाय का?"

खोडी विचित्र होती. रस्त्यात मागून येणारा एसटीचा ड्रायव्हर ओरडून सांगायचा की दिवे बंद आहेत. मामा थांबायचे. हत्यारांची थैली मागच्या सीटखाली असल्यामुळे आम्हा दोघींना उतरावे लागायचे. मामा थैली काढून मागे जाईपर्यंत दोन्ही दिवे लालभडक लागलेले असायचे. "पान्याचा आवाज आला की येतेत जाग्यावर," मामा म्हणायचे. एकदा ते एकटेच गाडी घेऊन परभणीला मिस्त्रीकडे गेले. त्याने दुपारभर गाडी पाहिली आणि काही दोष नाही म्हणून परत पाठवली. येताना दिवे सबंध रस्ताभर लागले होते. दुसऱ्या दिवशी बाई बसल्या, आणि ते गेले.

मग ती संध्याकाळ आली. नदीपलीकडच्या गावातून एक अवघड बाळंतपण करून आम्ही परतत होतो. दिवस बुडाला होता, उजेड निम्मा उरला होता. पुढे बैलगाड्या असल्यामुळे आमची गाडी सावकाश चालली होती. मागून कापसाच्या गासड्यांनी भरलेला ट्रक आला आणि कर्कश ब्रेक लावून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. गाडीत बाया आहेत हे पाहून त्याने शिव्या गिळल्या, पण बोलायचे ते बोललाच. "काका, रस्त्यात काळी म्हैस बसवल्यावानी गाडी घेऊन चाललाव. बत्ती लावायला काय मुहूर्त पायजे का?" एरवी एका शब्दाला चार शब्द देणाऱ्या मामांनी गाडी कडेला घेतली आणि ट्रकला वाट दिली.  

बाई दुसऱ्या दिवशी भाचीच्या लग्नाला हैदराबादला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "मामा, रविवारी मी दादांबरोबर येते. दादांनी गिऱ्हाईक बघून ठेवलंय. तोवर दिव्यांचं नक्की कारण सापडलं तर ठीक, नाहीतर गाडी दादांच्या हवाली. अशा गाडीतून मी सिस्टरला नेणार नाही." दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, दादासाहेब. बाईंचा आवाज रागाचा नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. गावात तेव्हा खासगी मोटारी मोजून तीन होत्या आणि उरलेल्या दोन्हींना ड्रायव्हर होते. मामांची पन्नाशी उलटलेली. दुसरा धंदा त्यांना येत नव्हता.

पहिले तीन दिवस त्यांनी मला वहीच्या जवळ येऊ दिले नाही. प्रसूतिगृहाच्या मागच्या चुन्याच्या भिंतीला गाडीचे ढुंगण लावायचे, दिवे चालू करायचे आणि भिंतीवर उमटलेल्या दोन लाल ठिपक्यांकडे पाहत येरझाऱ्या घालायच्या. ठिपके तिथेच असत. मामा बटण बदलत, फ्यूजची पेटी घासत, डिकीतल्या वायरी उपसून पुन्हा बांधत, एका फेरीत हे सगळे. एकेक करा, म्हणजे कळेल तरी, असे मी सांगून पाहिले. "एकेक करीत बसलं तर रविवार निघून जाईल," म्हणाले आणि पुन्हा फेरी मारली. खिडकीतून ते पाहून माझाही जीव थाऱ्यावर राहत नव्हता. दोनदा मी उकळत ठेवलेल्या सुया विसरले.

शुक्रवारी मी वही घेऊन बाहेर गेले आणि दुसरा रकाना त्यांना वाचून दाखवला. दिवे गेले त्या प्रत्येक दिवशी गाडीत बाई होत्या. मामा एकटे असताना ते एकदाही गेले नव्हते. दोष रस्त्याचा नाही, वजनाचा आहे, असे मी म्हटले. ते थांबले. म्हणजे चालायचे थांबले.

आधी मी बाईंच्या जागी बसले. बाई अंगाने भरदार, माझे वजन किती असणार? ठिपके हलले नाहीत. मग मामांनी ज्वारीचे पोते आणून आडवे ठेवले. काही नाही. पोते उतरवून सीटवरची धूळ मात्र त्यांनी पाव तास झटकली. आमची आयाबाई माझ्याहून वाळकी. एका जागी नीट भार पडेल असे माणूस आवारात एकच होते.

"मामा, तुम्ही बसा. मी मागून बघते."

"तिथं मी बसत न्हाई."

नऊ वर्षांत ते त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले नव्हते, हे मला तेव्हा कळले. गाडी धुताना, गादी पुसतानाही ते गुडघा टेकवत नसत, दारातून हात लांब करून पुसत. मला राग आला. मामांचे घर छप्पन सालच्या धम्मदीक्षेचे. कुणाची जागा कुणी नेमून द्यायची नाही, हे त्यांनीच मला दहादा ऐकवले होते, आणि तेही ताठ मानेने. मी तेच त्यांना ऐकवले. म्हटले, एवढे सगळे सोडलेत आणि आता एका गादीला भिता?

मामांचा चेहरा बदलला. "भेयचा सवाल न्हाई, शिष्टर. ती जागा बाईनं शिकून कमावली. म्होरची जागा मी कमावली. मला कुणी दिली न्हाई. दुसऱ्याच्या कमाईवर आपण बसू न्हाई, आन आपल्या कमाईवर कुणाला बसू देऊ न्हाई."

 मी चुकले होते, ते मी मनात नोंदवले. पण रविवार दोन दिवसांवर होता. मी एवढेच म्हटले की रविवारी गाडी गेली तर दोन्ही जागा जातील, आणि खेड्यांत अडलेल्या बाया बैलगाडीची वाट बघत बसतील.

त्यांनी गाडीला एक फेरी मारली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला डावीकडचे मागचे दार उघडले, चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन गादीच्या कडेला टेकले. ठिपके तसेच होते. "मामा, असं नाही. बाई बसतात तसे मागे टेकून बसा." बऱ्याच वेळाने गादीच्या स्प्रिंगा करकरल्या.

भिंत पांढरी झाली.

"हाय का?" आतून आवाज आला.

"नाही. गेले दोन्ही."

"उठू का?"

"उठा." ठिपके आले. "बसा." ठिपके गेले. नक्की करून घ्यायचे म्हणून मी त्यांना सहा वेळा उठवले, बसवले. "शिष्टर, बास की. कवायत घ्यायलाव का माझी?" ते म्हणाले, पण या वेळी आवाजात हसू होते.

गादी उचलली. बाईंच्या जागेखालची एक स्प्रिंग तुटून तिचे टोक खाली आले होते. पुढून मागे जाणारी वायर बरोबर त्या टोकाखालून गेलेली. वरून तिचे कव्हर धड दिसत होते. मामांनी ते चिरले तर आतली तार हिरवी पडून तुटलेली. भार पडला की तुटकी टोके दूर जात, भार उठला की एकमेकांना चिकटत. मामांनी तार कापून नवा तुकडा जोडला, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, वायर कडेने नेली आणि स्प्रिंग बांधून टाकली. काम पंधरा मिनिटांचे. त्या पंधरा मिनिटांत त्यांनी फक्त तेवढेच केले, दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

रविवारी बाई आणि दादासाहेब आले. मामा दारातच उभे होते. दिवे दुरुस्त झाल्याचे त्यांनी आधी सांगितले नाही. "बाई, पयले एक कसूर सांगतो. मी तुमच्या जाग्यावर बसलो. बिगर विचारता." आणि मग कारण सांगितले. दादासाहेब म्हणाले, आज हे निघाले, उद्या दुसरे काही निघेल, जुन्या गाडीचे असेच असते. त्यात खोटे काहीच नव्हते.  बाईंनी दादासाहेबांना आपल्या जागी बसायला लावले, स्वतः पदर खोचून भिंतीपाशी गेल्या आणि किती तरी वेळ त्या दोन ठिपक्यांकडे पाहत राहिल्या. दादासाहेब वजनाला बाईंच्या वरताण होते. ठिपके जागचे हलले नाहीत.

"गाडी राहील, दादा," बाई म्हणाल्या.

मामा लगेच निघून गेले. कुठे, ते माहीत नाही. तासाभराने आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि ते धुळीने झाले म्हणून त्यांनी न विचारता सांगितले.

त्यानंतर गाडी चार वर्षे चालली. मागच्या दिव्यांनी पुन्हा त्रास दिला नाही. मी या काळात त्यांच्याकडून एक गोष्ट शिकले, आणि पुढे सरकारी दवाखान्यात तीस नर्सा हाताखाली आल्यावर ती त्यांना शिकवायचा प्रयत्न केला: झालेली चूक आणि केलेले काम यांत आधी चूक सांगायची. किती जणी शिकल्या, ते सांगता येत नाही.

एका हिवाळ्यात, सांजेच्या सुमाराला, आम्ही जिंतूरहून परत आलो. बाई उतरल्या. मामा किल्ली हातात घेऊन उभे राहिले, आणि एकदम म्हणाले की ही किल्ली आता ठेवून घ्या. बाईंना कळेना. पगाराचे काही आहे का, घरी काही झाले का, असे त्यांनी विचारले. मामा नाही नाही म्हणत राहिले.

"आज म्होरच्या ट्रकाची लाल बत्ती मला अगदी जवळ गेल्यावर दिसली. दिवाळीपस्नं सांजेचं असंच व्हायलंय. मला वाटलं, थकव्यानं असंल."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी त्याच गाडीत होते आणि मला काहीही जाणवले नव्हते. गाडी नेहमीसारखीच आली होती, पिशवीतल्या बाटल्या वाजल्या नव्हत्या. बाई म्हणाल्या, डोळे तपासून घेऊ, मोतीबिंदू असला तर ऑपरेशन करू, तोवर दिवसा चालवा, कुणाला काही कळलेलेही नाही.

"मला कळलंय न्हवं," मामा म्हणाले, आणि किल्ली बाईंच्या हातात देऊन पायी घराकडे निघाले.